सल्ला : आधी ते रीबाँडिंगचं बुकिंग कॅन्सल करा

वाघोलीहून एका घरमालकीण ताईंचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. त्यांच्याकडे जुलैपासून नैरोबीची एक मुलगी पीजी म्हणून राहतेय, एमएस्सी करतेय. आली तेव्हा डोकंभर बारीक वेण्या होत्या, त्या तिनं सप्टेंबरच्या शेवटी सोडल्या, त्या दिवशी बाथरूमची जाळी केसांनी तुंबली आणि तेव्हापासून केस कोरडे पडलेत, तुटतायत, कपाळाजवळ विरळ झालेत, डोकं खाजतं. ताईंनी दर रविवारी आपुलकीनं खोबरेल तेलाची चंपी करून दिली तरी फरक नाही. मग त्यांच्या पार्लरवालीनं सुचवलं की रीबाँडिंग करून टाकू, एकदा सरळ झाले की कटकटच संपली, आणि येत्या शनिवारची वेळ पण दिली. मुलगी 'हो' म्हणालीय पण फार खुशीत नाही. ताई विचारतात की करावं का? आणि दुसरं म्हणजे ही पोरगी दहा-दहा दिवस केस धूत नाही, ते तिला न दुखवता कसं सांगायचं?

ताई, शनिवारचं बुकिंग आजच कॅन्सल करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल पण हे आधी.

कारण सांगते. आपल्या पार्लरमधल्या रीबाँडिंगच्या क्रीममध्ये साधारणपणे थायोग्लायकोलेट नावाचं केमिकल असतं. तिकडे केनियात, नायजेरियात, अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांमध्ये केस सरळ करायला जे 'रिलॅक्सर' वापरतात त्यात वेगळंच असतं, सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, किंवा त्याचा एखादा भाऊबंद. ही दोन केमिकल्स एकमेकांशी अजिबात जमवून घेत नाहीत. आधी रिलॅक्सर लावलेल्या केसांवर थायोवालं क्रीम गेलं तर केस ओल्या शेवयांसारखे हातात येतात, आणि ते पार्लरवालीच्या लक्षात यायच्या आत होतं. तिनं घरी असताना कधी रिलॅक्सर लावला होता का, हे पार्लरवालीनं विचारलंय का? मला नाही वाटत. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, तिचे त्याहून थोडे कमी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी लावलेला रिलॅक्सर अजून टोकाशी असू शकतो. समजा कधीच लावला नसेल, तरी पुढं काय? दोन महिन्यांत मुळाशी तिचे स्वतःचे कुरळे केस येणार, खाली सरळ आणि वर स्प्रिंग, आणि जिथं हे दोन भेटतात तिथंच ते मोडतात. शिवाय कपाळाजवळ आधीच विरळ झालेल्या जागी, खाजणाऱ्या डोक्यावर असलं केमिकल कोण लावतं हो!

आणि हे नुसतं केसांपुरतं पण नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं तेहतीस हजारांवर बायकांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला, त्याचा रिपोर्ट 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आला. केस सरळ करायची केमिकल्स कधीच न वापरणाऱ्या बायकांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज 1.64 टक्के निघाला आणि वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. ह्यानं 'केमिकलमुळंच झाला' असं सिद्ध होत नाही, एकदा केलं म्हणून लगेच काही होतं असंही नाही, पण तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला हे माहीत असलं पाहिजे आणि मग तिनं ठरवावं. तिनं हं, तुम्ही नाही आणि पार्लरवालीनं तर नाहीच.

आता धुण्याचं. हे तिला कसंच सांगायचं नाही, कारण ती बरोबर करतेय.

आपले केस सरळ किंवा जरा लहरी, त्यामुळं डोक्यातलं नैसर्गिक तेल दोन दिवसांत टोकापर्यंत उतरतं, चिपचिप होते, म्हणून आपण आठवड्यातून दोन-तीनदा धुतो. तिचा एक-एक केस म्हणजे सगळा घाटरस्ता आहे, तेल वरच्या वर अडतं, खाली टोकं कोरडी ठणठणीत, आणि घाटात जसे वळणावरच अपघात होतात तसा हा केस प्रत्येक वळणावर मोडायला बघतो. असे केस रोज धुतले तर आहे ते तेल पण जातं. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची मोठी संघटना ब्लॅक केसांसाठी आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुवा असंच सांगते. ती दहा दिवस म्हणतेय म्हणजे अगदी पुस्तकाप्रमाणं चाललंय.

पण मग खाज कशाची? माझा पहिला संशय तुमच्या पाण्यावर आहे. वाघोली म्हणजे टँकर नाहीतर बोअर, तुमच्या बादलीला पांढरा थर धरतो का बघा, गिझरची कॉइल किती वर्षांत बदलली ते आठवा. ते कॅल्शियम तिच्या केसांवर पण बसतं, वरून कंडिशनर लावा नाहीतर अमृत लावा, आत जातच नाही. ह्याला उपाय फार महाग नाही. महिन्यातून एकदा क्लॅरिफाइंग शाम्पू, म्हणजे केसांवर साठलेला थर काढणारा, घेताना मागं बारीक अक्षरात ईडीटीए (क्षार पकडून धुवून नेणारं केमिकल) लिहिलेलं असेल असा बघायचा, आणि दरवेळी शेवटचं पाणी आरओचं घ्यायचं, एक मोठा तांब्या पुरतो. आरओमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते नाही हं, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. बचत म्हणून तुम्ही ते द्याल, म्हणून आधीच सांगून ठेवते!

दुसरा संशय तुमच्या चंपीवर आहे, राग मानू नका. खाजणाऱ्या, कोंडा असलेल्या डोक्यात तेल जिरवलं की कोंड्याची बुरशी ते तेल खाऊन वाढते, त्यात ते दहा दिवस तिथंच राहणार. खोबरेल मात्र फेकू नका, ते तिच्या कामाचं आहेच. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल असं तिन्ही केसांवर वापरून बघितलं होतं, त्यात केसांमधलं प्रोटीन वाचवायला फक्त खोबरेल कामाला आलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. (मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, त्यांनीच काढलेला निष्कर्ष आहे हे ध्यानात ठेवायचं, पण अभ्यास नीट छापून आलेला आहे.) तर धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल फक्त लांबीला आणि टोकांना, डोक्याच्या कातडीला नाही, आणि लावायचं तिनं स्वतः. शिकेकाई-रिठा तिच्या वाटेला पाठवू नका, त्यानं असे केस अजून कोरडे होऊन गुंततात.

जाळी तुंबली त्याचं म्हणाल तर घाबरायचं कारण नाही. कुणाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात, आपले फणीत येतात आणि आपण गुंडाळी करून टाकून देतो. वेण्यांत मात्र ते गळलेले केस आतच अडकून राहतात. तिनं बहुतेक जूनमध्ये निघायच्या आधी घरी वेण्या घालून घेतल्या असणार, म्हणजे सोडल्या तेव्हा तीन महिने उलटले होते, करा हिशोब. चुकलं असेल तर एवढंच की वेण्या इतके दिवस ठेवायच्या नसतात, सहा ते आठ आठवडे पुष्कळ झाले. पण पोरगी करणार काय होती, नवीन देश, कॉलेज सुरू झालेलं, वेण्या घालणारं कुणी माहीत नाही, त्यात आपला पावसाळा, धुतलेल्या वेण्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि मुळाशी दमट राहून खाज सुटते. कपाळाजवळ विरळ झालंय ते सतत ओढ बसून, ह्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. आपल्याकडं वर्षानुवर्षं करकचून अंबाडा घालणाऱ्या बायकांचं कपाळ असंच मागं सरकलेलं बघितलंय ना, तेच हे. लवकर ओढ थांबवली तर केस परत येतात.

मी काही वर्षं नैरोबीला होते, नवऱ्याची नोकरी होती, पार्कलँड्समध्ये राहायचो, म्हणून थोडंफार बघितलंय. तिथं केन्याटा मार्केट म्हणून जागा आहे, एका बाजूला मटण भाजणारे आणि दुसऱ्या बाजूला गाळेच्या गाळे वेण्या घालणाऱ्या बायकांचे. तुम्ही आत शिरलात की चारीकडून हाका येतात, मग एका डोक्यावर दोघी-तिघी एकदम बसतात, एक डावीकडून एक उजवीकडून, कंगव्याच्या टोकानं भांग पाडायचा, चिमूटभर केस घ्यायचे, मुळाशी नकली केसांचा पेड जोडायचा आणि बोटं अशी चालतात की बघतच राहावं, तोंडानं गप्पा चालू, समोर टीव्ही चालू. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात म्हणजे ती सुटत नाहीत. ही तुमची मुलगी अशा ठिकाणाहून आलीय. आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल, केनियातल्या बऱ्याच शाळांत मुलींना केस अगदी बारीक कापून ठेवावे लागतात, नियमच असतो. म्हणजे हे केस तिनं शाळा सुटल्यावर, पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं वाढवलेले असू शकतात. मग 'सरळ करून टाकू, कटकट संपेल' हे ऐकून ती खुशीत का नाही ते कळतं.

तर आता करायचं काय. पहिले दोनेक महिने नकली केस नाहीत, ओढ नाही. तिच्याच केसांचे दोन-दोन पेडांचे सैल पीळ घालून ठेवायचे, हे तिचं तिला येत असणार. गुंता काढायचा तो ओल्या केसांवर, भरपूर कंडिशनर लावून, चार-सहा भाग करून, आधी बोटांनी मग रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून मुळाकडं. बारीक दातांची फणी आणि तुमचा तो गोल ब्रश दोन्ही तिच्या बाथरूममधून उचला. कंडिशनर आपल्यापेक्षा तिप्पट लागतो, 'एवढी बाटली संपवली' असं म्हणू नका. धुतल्यावर आधी पाणी किंवा पातळ लोशन, मग थोडं तेल, वर जाड क्रीम, ह्या क्रमानं लावलं की ओल आत धरून राहते. वरून लावायला एरंडेलाचे दोन थेंब चालतात, शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल, ऑनलाइन मिळतं.

आणि जेल बाहेरून आणूच नका, तुमच्या घरात चटणीसाठी जवस असतीलच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं, सात-आठ मिनिटांत फेस येतो आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते, तिथंच गॅस बंद. आणि गरम असतानाच गाळायचं, पातळ मलमलच्या फडक्यातून, कारण गार झालं की जवस ते सोडतच नाहीत, पिळून पिळून हात दुखतात आणि निघतं चमचाभर. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. डब्यावर नाव लिहा नाहीतर घरात कुणीतरी कढीत घालेल.

रात्रीची उशी हा अजून एक शत्रू. सुती अभ्रा केसांतली ओल शोषून घेतो आणि घासून तोडतो. तिच्याकडं साटीनची टोपी असेल, बॉनेट म्हणतात, ती फाटली असेल तर साटीनच्या परकराचं कापड अर्धा-पाऊण मीटर आणा, गोल कापून कडेला सैल इलास्टिक ओवा, घट्ट नको, कपाळाशीच तर दुखणं आहे. शिवणाची आवड आहे असं लिहिलंयत तुम्ही, तर तुमचं प्रेम चंपीऐवजी इथं लावा. कॉलेजला स्कूटरवर जात असेल तर हेल्मेटच्या आतही असाच साटीनचा रुमाल, आणि केस डोक्याला चपटे बसतील असे पीळ. हेल्मेट बसत नाही म्हणून ते घालायचंच नाही, हे चालणार नाही.

दोन महिन्यांनी केस सावरले की परत वेण्या, आणि त्यासाठी पार्लर नको. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकतायत, त्यांच्यातच कुणीतरी वेण्या घालून खर्चाला पैसे काढणारी असते, तिच्या सीनियर्सना विचारलं की नंबर मिळतो. अडचण असते जागेची, कारण बहुतेक पीजीत पाहुणे चालत नाहीत. तिथं तुम्ही उपयोगी पडता. एका रविवारी हॉल द्या, पाठ टेकायला खुर्ची, चांगला उजेड, प्लगपॉइंट, मधून चहा-पोहे. सहा-सात तास सहज लागतात, रात्री नऊचा नियम त्या दिवशी बाजूला ठेवा. वेण्या 'नॉटलेस' घालायला सांगावं, म्हणजे मुळाशी गाठ न मारता तिच्याच केसांपासून सुरुवात करून नकली केस हळूहळू मिसळायचे, ओढ कमी बसते. फार बारीक नको, फार लांब नको, वजन येतं. घालताना दुखलं किंवा कपाळाशी पुळ्या आल्या तर घट्ट झालंय, त्या कपाळाजवळच्या वेण्या तिथल्या तिथं सोडायच्या. नकली केस आदल्या दिवशी पाणी आणि थोड्या व्हिनेगरमध्ये भिजवून वाळवावेत, त्यावरचं केमिकल निघतं, नाहीतर परत खाज. वेण्या असताना दोन आठवड्यांनी शाम्पू पातळ करून सॉसच्या बाटलीतून फक्त मुळांशी सोडायचा आणि ड्रायरच्या गार हवेनं मुळं पूर्ण सुकवायची. लाइटबिलाचं मनात आणू नका.

जाता जाता एक गंमत. आपल्या विक्रोळीच्या गोदरेजनं 2011 मध्ये आफ्रिकेत नकली केस विकणाऱ्या डार्लिंग कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि 2016 मध्ये ब्लॅक केसांची प्रॉडक्ट्स बनवणारी एक अमेरिकन कंपनी विकत घेतली. तिरुपतीला वाहिलेले केस लिलावात विकले जातात आणि जगभर विग होऊन फिरतात, गावात 'केसावर फुगे' ओरडत येणारा पण त्याच धंद्याची पहिली कडी. म्हणजे भारतानं ह्या केसांवर पैसा व्यवस्थित कमावलाय, आणि वाघोलीच्या पार्लरमध्ये मात्र त्या केसांना काय लावायचं ते कुणाला माहीत नाही.

राहिलं ते पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेलं, की गणपतीत आलेल्या सगळ्या बायकांनी कौतुकानं तिचे केस हातात घेऊन बघितले आणि ती नंतर खोलीतून बाहेरच आली नाही. कौतुक असेल हो, पण परक्या घरात, एकटी, आणि दहा हात डोक्यात. वर 'खरे आहेत का, धुता कसे' हे प्रश्न. दिवाळीला तेच लोक येणार, तर तिच्यासमोर नाही, आधी फोनवरच सांगून ठेवा की हात लावायचा नाही. फोटो पण विचारून. तुमच्या जाऊबाईंना राग आला तर येऊ दे.

आणि डॉक्टर. कपाळाजवळची कातडी गुळगुळीत चमकायला लागली, पू भरलेल्या पुळ्या आल्या, टाळूच्या मध्यावर पण विरळ व्हायला लागलं किंवा दोन-तीन महिन्यांत बारीक लव सुद्धा दिसली नाही, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ, पार्लर नाही, युट्यूब नाही. डॉक्टरांना वेण्या किती दिवस होत्या, रिलॅक्सर कधी लावला, पाणी कसलं हे सगळं तिनं सांगायचं. कपाळाचा आणि दोन्ही कानांवरचा फोटो आजच काढून ठेवायला सांगा, मग दर महिन्याला त्याच उजेडात एक, म्हणजे फरक पडतोय की नाही ते अंदाजानं बोलावं लागत नाही. फोटो तिच्या फोनवर राहू देत, फॅमिली ग्रुपवर नको.